श्रेयाच्या एका ओळीचा खटला

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एटी अँड टीच्या युनिक्स प्रणालीत इतकी भर घातली होती, की मूळचे किती आणि नवे किती हे सांगणे अवघड व्हावे. जून १९९१ मध्ये त्यांनी आपला भाग सर्वांसाठी खुला केला. वापरा, बदला, विका; मात्र श्रेयाची ओळ पुसू नका, एवढीच अट.

बीएसडीआय नावाच्या कंपनीने त्यावर आपली प्रणाली उभारून विकायला काढली. तिचा दूरध्वनी क्रमांक अक्षरांत वाचला, की ‘इट्स युनिक्स’ असा होई! हा खोडसाळपणा महागात पडला. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने आधी बीएसडीआयवर आणि मग विद्यापीठावरही विनापरवाना वापराचा दावा लावला.

खरी गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये विद्यापीठाने प्रतिदावा केला: तुमच्याच ‘सिस्टिम फाइव्ह’मध्ये बर्कलीची संहिता आहे, पण आमचे श्रेय कुठे आहे? परवानगीचा जाब विचारणाऱ्यालाच आता श्रेयाचा जाब द्यावा लागणार होता.

त्याच वर्षी ती उपकंपनी नोव्हेलकडे गेली आणि १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी वगळाव्या लागल्या अवघ्या ३. आणखी सुमारे ७० फाइलींवर हक्कसूचना चढली. मधल्या काळात मात्र बीएसडीवर संशयाची छाया राहिली, आणि हेल्सिंकीतील एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स तोवर बरेच पुढे गेले होते.