मराठवाड्यांतील हरणांची शिकार आणि शेतकऱ्याचा हक्क

नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या माळरानांवर काळवीट शेताच्या बांधाशीं चरत आलें आहे. शास्त्रदृष्ट्या काळवीट व चिंकारा हे कुरंगवर्गांतले, तर किनवट-माहूरच्या जंगलांतील सांबर, चितळ व भेकर हे सारंगवर्गांतले. परंतु लोकभाषेंत हीं सर्व हरणेंच होत. त्यांची शिकार कोणीं, कोणत्या रीतीनें व कोणाच्या आज्ञेनें करावी याचे नियम प्रत्येक राजवटीनें आपापल्या सोयीनें केले. ज्याच्या पिकावर हें जनावर पोसतें त्या शेतकऱ्यास त्या नियमांत कोणतें स्थान होतें, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारास घेतला आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सूनाध्यक्ष-प्रकरणांत अभयवनांतील मृग, पशु, पक्षी व मत्स्य यांना धरणाऱ्यास अगर मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे. हाच अपराध कुटुंबी, म्हणजे गृहस्थ शेतकरी, याच्या हातून घडल्यास दंड मध्यम. शेतकऱ्याची अडचण शास्त्रकारास ठाऊक होती असें यावरून म्हणतां येतें. पण त्यानें दंड उतरविला, हक्क दिला नाहीं.

मराठवाड्यास अधिक जवळचा पुरावा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथाचा (सुमारें इ. स. ११२९) होय. हें कल्याणी निलंग्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर आहे. या ग्रंथांत मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून वर्णिला असून, चित्त्याकरवीं हरणें धरण्याचा त्यांतील उल्लेख भारतीय वाङ्मयांतील अगदीं आरंभींच्या उल्लेखांपैकीं आहे. पुढें 'आईन-इ-अकबरी'त चित्त्याच्या शिकारीबरोबर दुसरीहि एक रीत आढळते. पाळीव काळविटाच्या शिंगांस जाळें बांधून त्यास रानटी कळपावर सोडीत आणि झुंजींत रानटी नराचीं शिंगें त्या जाळ्यांत अडकत. करवीर दरबारीं तर चित्त्यांची शिकार विसाव्या शतकापर्यंत चालू होती. या सर्व रीती दरबारी आहेत. शिकार ज्या शिवारांत होई त्याच्या मालकाची संमति घेण्याचा प्रश्नच त्यांत उद्भवत नाहीं.

दरबाराबाहेरची शिकार पारध्यांची. 'पारध' हा शब्द संस्कृत 'पापर्द्धि', प्राकृत 'पारद्धि' यांवरून आला. म्हणजे पापाची वाढ हा निंदार्थ त्याच्या मुळाशींच आहे. फासेपारधी हरणांच्या वाटेवर फाशांची रांग मांडून कळप तिकडे वळवीत. गायपारधी सवयीच्या जनावराच्या आडोशानें सावजाजवळ जात. वाघूर म्हणजे जाळें, हेंहि संस्कृतांतील 'वागुरा'च होय. स्वतः शेतकऱ्याजवळ मात्र गोफण, बुजगावणें, माळा आणि रात्रीची जागल एवढींच साधनें असत. पारध्यानें कळप कमी केला तर त्याचा लाभ शेतास होई. परंतु गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें, ज्याचा आरंभ इंग्रजी मुलखांत १८७१ त झाला, पारध्याच्या हिंडण्यावरच संशयाचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ त रद्द झाला. संशय मात्र पुष्कळ दिवस टिकला.

आसफजाही अमलांत हा मुलूख दिवाणी, सर्फेखास आणि जहागिरी व पायगा असा विभागलेला होता. सर सालारजंग यांनीं १८६५ त जिल्हाबंदी सुरू केली व पुढें मुंबईच्या धर्तीवर जमिनीची पाहणी झाली. तींत रयतेचा कब्जा व सारा नोंदला गेला. जमिनीवर हिंडणाऱ्या पशूंवर तीमुळें कोणताहि हक्क उत्पन्न झाला नाहीं. शिकारगाह म्हणून राखलेली जागा सरकारची अगर जहागीरदाराची.

शेजारीं बार्शीकडे इंग्रजी अंमल होता. तेथें १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याअन्वयें हरणें व कुरंग यांच्या शिकारीस बंदीचा हंगाम ठरवितां येई. त्याच कायद्यांत मालमत्तेच्या प्रामाणिक संरक्षणासाठीं जनावर मारल्यास तो अपराध नव्हे, असा स्पष्ट अपवाद होता. ही शिकारीची मोकळीक नव्हे, पिकाच्या रक्षणाची होय. युरोपांतहि हा प्रश्न याच वाटेनें गेला. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें कुळास ससे मारण्याचा हक्क मिळाला, हरणांचा नाहीं. जर्मनींत १८४८ च्या क्रांतीनंतर शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशीं जोडला गेला.

हैदराबाद संस्थान १९४८ त भारतांत विलीन झालें, १९४९ त जहागिरी गेल्या आणि १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं किनवट आदिलाबादेंतून नांदेडकडे, आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा बिदरांतून उस्मानाबादकडे आले; लातूर जिल्हा १९८२ चा. यापुढील महत्त्वाचा टप्पा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. त्याच्या सतराव्या कलमांत दोन गोष्टी एकत्र आढळतात. जाळीं व फासे यांनीं शिकार करण्यास तेथें मनाई आहे. आणि सरकारी नसलेल्या जमिनीवर मालकाच्या अगर कायदेशीर कब्जेदाराच्या संमतीवांचून शिकार करूं नये, असेंहि म्हटलें आहे. या प्रांतीं शेतकऱ्याच्या संमतीस इतक्या स्पष्ट शब्दांत मान मिळाला तो येथें. परंतु काळवीट त्याच कायद्यानें पहिल्या अनुसूचींत गेल्यामुळें त्याच्या बाबतींत त्या संमतीस अर्थ उरला नाहीं. आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांबरोबर तें कलमच गळलें. पहिल्या अनुसूचींतील प्राणी मनुष्याच्या जिवास धोकादायक झाला अगर असाध्य रोगानें वा इजेनें जर्जर झाला, तरच त्यास मारण्याची परवानगी मिळूं शकते. उभ्या पिकाची हानि हें कारण त्यास पुरत नाहीं. त्या हानीबद्दल राज्यसरकार भरपाई देतें.

एकंदरींत जमिनीवरील हक्क, शिकारीचा हक्क आणि पीक राखण्याचा हक्क हे तीन निरनिराळे आहेत. पहिला शेतकऱ्यास मिळाला. दुसरा त्यास कधींच नव्हता आणि आज तो कोणासच नाहीं, हें काळविटाच्या दृष्टीनें इष्टच झालें. तिसरा मात्र कौटिल्याच्या सौम्य दंडांत सूचित झाला, १९१२ च्या अपवादांत उघड झाला आणि आज भरपाईच्या अर्जापुरता शिल्लक आहे. काळवीट सर्वांचें म्हणून राखावयाचें, तर त्याच्या चाऱ्याचा भार एकट्या ज्वारीच्या शेतानें कां वाहावा, हा माळावरील प्रश्न नवा नव्हे. पूर्वीं तो राजाच्या विनोदासाठीं उत्पन्न होई, आज तो रक्षणासाठीं होतो. भार वाहणारा शेतकरी तोच आहे.