नार्बोनचे नासी

नार्बोनचे नासी हे दक्षिण फ्रान्समधील नार्बोन शहरातील ज्यू समाजाचे वंशपरंपरागत प्रमुख होते. ‘नासी’ या हिब्रू शब्दाचा अर्थ अधिपती किंवा प्रमुख असा होतो. हे घराणे स्वतःस बायबलमधील दाविद राजाचे वंशज मानत असे. सामंतशाहीतील स्वामी आणि मांडलिक यांचे नाते ख्रिस्ती शपथ व लष्करी सेवा यांवर उभे असल्यामुळे मध्ययुगीन युरोपात ज्यू जमीनदार घराणी विरळाच आढळतात. म्हणूनच नासींच्या स्थावर मालमत्तेला इतिहासकारांनी महत्त्व दिले. काहींनी मात्र तिच्या आधारे संपूर्ण ज्यू संस्थानाची कल्पना मांडली.

पार्श्वभूमी

इ.स. ७५९ मध्ये फ्रँक राजा पेपिन याच्या राजवटीत नार्बोन मुसलमानांच्या ताब्यातून फ्रँक राज्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच पोप स्टीफन तिसरा (कारकीर्द ७६८–७७२) याने नार्बोनच्या आर्चबिशपला तक्रारीचे पत्र लिहिले. ज्यू लोक शहरात व उपनगरांत वंशपरंपरागत जमिनी बाळगतात आणि त्यांच्या शेतांत व द्राक्षमळ्यांत ख्रिस्ती माणसे राबतात, हे पोपला खटकले होते. या जमिनी ‘अलोड’ प्रकारच्या, म्हणजे कोणत्याही सामंताच्या चाकरीशी न बांधलेल्या पूर्ण मालकीच्या होत्या. हे पत्र विरोधकाचे असल्यामुळेच पुरावा म्हणून अधिक वजनदार ठरते.

माखिरची आख्यायिका

अब्राहम इब्न दाऊद याच्या ‘सेफर हा-कब्बाला’ (सुमारे ११६१) या ग्रंथाला जोडलेल्या एका पुरवणीत घराण्याच्या उगमाची कथा येते. तिच्यानुसार राजा चार्ल्सने बगदादच्या खलिफाकडे दाविदाच्या वंशातील एका ज्यूची मागणी केली आणि त्याप्रमाणे माखिर नावाचा विद्वान नार्बोनला आला. जिंकलेल्या शहराचे तीन भाग करून एक स्थानिक सरदाराला, दुसरा बिशपला आणि तिसरा माखिरला देण्यात आला. कथेतील विसंगती उघड आहे. शहर पडले तेव्हा चार्ल्स राजाच झालेला नव्हता. तरीही तेव्हाची नार्बोनची सत्ता व्हायकाउंट व आर्चबिशप यांच्यात खरोखर विभागलेली होती आणि दोघांच्याही हद्दीत ज्यू राहत होते. कथा त्या वास्तवावर बेतलेली दिसते.

बाराव्या शतकातील स्थिती

तुडेलाचा प्रवासी बेंजामिन ११६५ च्या सुमारास नार्बोनला आला. त्याने येथील ज्यूंची संख्या ३०० दिली असून त्यांचा प्रमुख कॅलोनिमोस बेन तोद्रोस असल्याचे नमूद केले आहे. या कुटुंबाकडे राज्यकर्त्यांकडून मिळालेल्या जमिनी असून त्या कोणीही बळाने हिरावू शकत नाही, असे तो लिहितो. स्थानिक लॅटिन दप्तरांत नासीचा उल्लेख ‘ज्यूंचा राजा’ असा येतो. पण या ‘राजा’कडे सैन्य किंवा नाणी पाडण्याचा अधिकार असल्याचा पुरावा नाही.

बळाने न जाणाऱ्या या जमिनी एका राजाज्ञेने गेल्या. १३०६ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याने ज्यूंना राज्याबाहेर घालवून त्यांची मालमत्ता जप्त केली. नार्बोनच्या व्हायकाउंटने लुटीतील आपला वाटा मागितला. नासींची घरे व जमिनी विकल्या गेल्या.

झुकरमन यांचा सिद्धान्त

अमेरिकन इतिहासकार आर्थर झुकरमन यांनी १९७२ च्या ग्रंथात ७६८ ते ९०० या काळात दक्षिण फ्रान्समध्ये ज्यू संस्थान नांदत होते असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते माखिर म्हणजेच फ्रँक सरदार थिओडोरिक आणि गेलोनचा विल्यम हा त्याचा पुत्र. अडचण अशी, की या विल्यमने ८०४ मध्ये गेलोन येथे मठ स्थापला, तेथेच तो भिक्षू झाला आणि चर्च त्याला संत मानते. वेगवेगळ्या नावांच्या व्यक्ती एकच ठरवण्याच्या या पद्धतीवर जेरेमी कोहेन आदी अभ्यासकांनी कठोर टीका केली व सिद्धान्त सर्वसाधारणपणे अमान्य झाला. मात्र युरोपीय राजघराण्यांचा वंश दाविदापर्यंत नेणाऱ्या हौशी वंशावळींत तो अजूनही टिकून आहे.

तत्सम उदाहरण

भारतात केरळचा चेर राजा भास्कर रविवर्मा याने इ.स. १००० च्या सुमारास जोसेफ रब्बान या ज्यू प्रमुखाला ताम्रपटाद्वारे ७२ हक्क वंशपरंपरेने दिले. त्यांत पालखी व छत्र यांचाही समावेश होता. ताम्रपटातील ‘अंजुवण्णम’ हा शब्द बहुतेक अभ्यासक व्यापारी श्रेणीचा वाचक मानतात, तर कोचीच्या ज्यूंच्या परंपरेत त्याच सनदेतून क्रांगानूरच्या ज्यू राजाची कथा निर्माण झाली.