माळवदाखालचा गारवा

उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून नगरात झालेलं सर्वांत मोठं काम १५८३ साली पुरं झालं. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत त्याचा वजीर दुसरा सलाबतखान याने फराहबागेचा महाल तडीस नेला. शहराच्या आग्नेयेला, भिंगारच्या अंगाला तो अजून उभा आहे. मी एअर कंडिशनिंगची कामं घेतो. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि तेव्हापासून नगर जिल्ह्यात भिंतींना भोकं पाडत फिरतोय. माझ्या हाताखाली नवीन पोरगा आला की मी त्याला आधी फराहबाग दाखवतो. गेज आणि व्हॅक्यूम पंप नंतर.

महाल मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधलेला. आज ते तळं कोरडं आहे, पण तळाशी उभं राहिलं की बेत ध्यानात येतो. चारही बाजूंना दोन मजले उंचीच्या कमानी, आत मध्यभागी घुमटाचं उंच दालन, त्याच्याभोवती दोन मजल्यांवर खोल्या. वारा कुठूनही आला तरी त्याला पाण्यावरूनच यावं लागतं. आत आलेली हवा तापली की वर घुमटाकडे चढते आणि खाली नवी हवा ओढली जाते. भिंती इतक्या जाड की दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते.

यातलं पाण्याचं काम मी पोरांना आकड्यात सांगतो, म्हणजे डोक्यात बसतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतून घेतली जाते. एक टनाचा एसी तासाभरात साधारण १२,६०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तासाला सव्वापाच लिटर पाणी वाऱ्यावर उडालं की एका टनाचं काम झालं, विजेशिवाय. अट एकच, हवा कोरडी हवी. नगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ओला पंचा दोरीवर टाकून चहा घ्यावा, तोवर तो वाळलेला असतो. मुंबईत असलं तळं बांधून निव्वळ घाम वाढला असता. इथे ते चाललं.

तळं भरायचं तर पाणी हवं, आणि नगरला मोठी नदी नाही. सीना आहे, पण उन्हाळ्यात तिचं पात्र म्हणजे वाळू. १४९० मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने शहर वसवलं आणि पुढच्या शंभर वर्षांत भोवतालच्या उंचवट्यांवरून खापरी नळांचं जाळं शहरात आलं. कापूरवाडी, वडगाव, नागाबाई, भिंगार, शहापूर ही त्या नळांची नावं जुनी माणसं अजून घेतात. भाजलेल्या मातीचे नळ चुन्यात बसवून जमिनीखालून आणलेले, मध्ये मध्ये उच्छ्वास. उतार इतका जपून दिलेला की पाणी आपल्या वजनानेच वाड्याच्या हौदापर्यंत पोचावं. मी ड्रेन पाइपला मीटरमागे सेंटीमीटरभर उतार देताना स्पिरिट लेव्हल दोनदा लावतो. त्या लोकांनी कोसभर लांबीवर उतार सांभाळला, याचं मला आजही नवल वाटतं. शहराच्या उत्तरेला सावेडीच्या बाजूला हश्तबिहिश्त बागेतही असाच अष्टकोनी महाल पाण्यात बांधला होता. त्याचे आता अवशेष उरलेत.

पण हे महाल पाहताना एक गोष्ट सुटू देऊ नये. सुलतान तिथे बारा महिने राहत नव्हता. त्याचा किल्ला होता, शहरात वाडे होते. उन्हाळा लागला की माणूस गारव्याकडे जायचा, गारवा माणसाकडे येत नव्हता. नगरचा पुढचा बराच इतिहास मला याच वाटेने जाताना दिसतो.

शाह डोंगरावरची तिमजली अष्टकोनी कबर पाहा. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आहे ती याच सलाबतखानाची. भोवती उघड्या कमानींच्या गॅलऱ्या. खाली शहरात पान हलत नाही तेव्हा वर पदर सावरावा लागतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी वसली, आणि इंग्रजांनी त्या कबरीचं छोटं आरोग्यधाम केलं. आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी तिथे ठेवत. एका वजिराच्या थडग्यात खाटा टाकणं मला बरं वाटत नाही, पण जागा त्यांनी अचूक हेरली होती.

आता साध्या माणसाच्या घराकडे येतो, कारण माझं पोट त्यावरच आहे.

आपल्याकडचं जुनं घर म्हणजे धाब्याचं, माळवदाचं. भिंत दोन-अडीच फूट. बाहेरून घडीव काळा दगड, आतून पांढऱ्या मातीच्या विटा किंवा दगडगोटे, मध्ये मातीचा भराव. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट नाहीतर किलच, त्यावर पाल्याचा थर आणि वर फूट-दीड फूट माती. शेवटचा हात पांढऱ्या खारट मातीचा. ती पाण्याने फुगून मिटते आणि पाऊस खाली उतरू देत नाही. ज्येष्ठ लागायच्या आत माळवदावर चढून गवत उपटायचं, नवी माती टाकायची, चोपणीने चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. हे दरवर्षी. चुकलं की आषाढात घरभर घमेली मांडा.

ही माती शेतातली नसते. गावाच्या पांढरीतून आणतात, म्हणजे जिथे हजारो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, त्या टेकाडातून. नेवासे, जोर्वे, दायमाबाद ही आपल्या जिल्ह्यातली गावं पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहेत ती अशाच टेकाडांमुळे. नेवाशाला १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. त्याआधी आणि त्यानंतरही गावोगावचे लोक धाब्यासाठी पांढर खणत आलेत. संशोधकांना त्याचं दुःख होतं, ते खरं आहे. तरी माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. ज्या वाड्यात मी काम करतो, त्याच्या डोक्यावर कधीकाळच्या दुसऱ्या घरांची माती आहे आणि ती अजून सावली धरते आहे.

अशा घरात ऊन आत यायला दहा-बारा तास लागतात. सकाळी आठला तापू लागलेली भिंत आतून तापते ती रात्री. रस्त्याकडे खिडक्या लहान, मोकळीक सगळी चौकाकडे. रात्री चौकात गार हवा साठते आणि सकाळी दारं लावून घेतली की ती दुपारपर्यंत पुरते. पण रात्री नऊ वाजता माजघरात बसून पाहा. भिंती ऊब सोडायला लागलेल्या असतात. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुपार माजघरात, संध्याकाळ ओसरीवर किंवा चौकात, आणि रात्री अंथरूण-पांघरूण घेऊन माळवदावर. अख्खं घर कधीच गार नव्हतं. घरातला कुठला ना कुठला कोपरा त्या त्या वेळी गार असायचा आणि माणसं तिकडे सरकायची. जामगावचा महादजी शिंद्यांचा वाडा असो की आमच्या माळीवाड्यातलं चार खणांचं घर, रीत एकच.

माणसाने एका जागी बसून राहायचं आणि गारवा त्याच्याकडे आणायचा, ही कल्पना इथे छावणीबरोबर रुळली. साहेब कचेरीत टेबलापाशी बसणार, म्हणून छताला कापडी पंखा आणि बाहेर दोरी ओढणारा माणूस. दाराला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर पाणी मारणारा दुसरा माणूस. या माणसांची नावं सहसा कुणी लिहून ठेवली नाहीत. एकाच्या गारव्यासाठी दोघं उन्हात, असा तो हिशेब होता. मुंबईला १८३०च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने बर्फ येऊ लागला, तळ्यांवरून कापलेला, भुशात गुंडाळलेला. आमच्या धंद्यातला टन तिथूनच आला. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं एका टनाच्या एसीचं काम.

१९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्र आखलं ते कागद दमट होऊ नये म्हणून. माणसांच्या सुखाचा विचार नंतरचा. १९३३ साली मुंबईचं रिगल थिएटर थंड हवेसकट उघडलं. १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास सुरू झाली. नगरच्या घराघरांत मात्र आधी आला तो कूलर. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाणी, आत पंखा. पाहिलं तर ती वाळ्याची ताटीच, फक्त पाणी मारणारा माणूस जाऊन पंप आला. भारनियमनाच्या काळात तो पंपही अर्धा दिवस गप्प असायचा.

याच काळात माळवदं गेली. दरवर्षी माती चोपायला माणूस मिळेना, पोरं पुण्याला गेली, आणि धाबं उतरवून लोकांनी पत्रे टाकले किंवा स्लॅब ओतला. स्लॅब दुपारी तापतो आणि ते ऊन चार-पाच तासांत आत उतरतं, बरोबर झोपायच्या वेळेला. पत्र्याचं तर विचारूच नका. आधी मातीचं छत काढायचं, मग उकाडा होतो म्हणून मला बोलवायचं, असं मी कितीतरी घरांत पाहिलं. त्या घरांत दीड टनाचं यंत्र जे काम करतं, त्यातलं निम्मं काम आधी माती फुकट करत होती.

गेल्या वर्षी गावठाणातल्या एका वाड्याचं काम आलं. मालक नोकरी संपवून परत आले होते, घरात नव्वदीला आलेल्या आजी. मागणी सरळ होती: सेंट्रल एसी करा, सगळा वाडा एकसारखा गार हवा. वाड्याचं माळवद शाबूत होतं, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटली.

डक्ट टाकायचा म्हणजे छताखाली फूट-दीड फूट जागा लागते. तळमजल्याची उंची नऊ फूट, त्यात तुळया खाली आलेल्या, दारं साडेपाच फुटांची. डक्ट झाकायला फॉल्स सीलिंग केलं की कडीपाट दिसेनासा होतो. त्याहून वाईट म्हणजे माळवदाला कुठे ओल आली तर ती कळतच नाही, तुळई कुजून खाली येईपर्यंत. चौक उघडा, त्यामुळे गार हवा ओसरीवरून चौकात सांडणार. तो काचेने झाकावा तर वाड्याचं नाकच दाबलं. आणि पावसाळ्यात यंत्रातून दिवसाला बादलीभर पाणी निघतं. मातीच्या भिंतीत एक जोड जरी ठिबकला तरी बाहेरून दगड उभा दिसतो आणि आतला भराव खाली बसलेला असतो.

मी मालकांना म्हणालो, "काका, वाडा नको, आजींची खोली गार करू." त्यांना राग आला. पैसे द्यायला ते तयार होते, मी काम लहान का करतो हे त्यांना कळेना. आजी ओसरीवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मला माळवदावर चढता येत नाही, एवढीच अडचण आहे. आम्ही काय उन्हाळे काढले नाहीत का?"

आजींनी माझं काम सोपं केलं. दुपारी माजघर गारच होतं, अडचण रात्रीची होती. म्हातारं शरीर रात्रीच्या उकाड्याने थकतं आणि ऐंशी-नव्वदीच्या माणसाला शिडी चढ म्हणता येत नाही. एसीविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जुनी रीत धडधाकट पायांची होती.

दोन खोल्या निवडल्या, आजींची आणि वरच्या मजल्यावरची एक. दोन्हींना एक-एक टनाचे इन्व्हर्टर स्प्लिट. पाण्याने चालणारा कोअर कटर लावू दिला नाही, त्या पाण्याने भराव विरघळतो. पाथरवटाकडून छिन्नीने एक दगड सोडवून घेतला, त्या जागेतून तांब्याच्या नळ्या नेल्या, मध्ये बाही बसवली आणि भोवती चुना भरला. सिमेंट नाही. ड्रेन पाइप भिंतीत न गाडता उघडा ठेवला, ठिबकला तर डोळ्याला दिसेल असा, आणि हौदाकडे उतरवला. बाहेरची दोन्ही युनिटं परसात जमिनीवर ओट्यावर मांडली, माळवदावर नाही. त्यांची थरथर कडीपाटाला लागू नये म्हणून. दारांच्या फटींना नमदा लावला.

सेंट्रल एसीचे जे पैसे वाचले त्यांतले काही माळवदावर खर्च करायला लावले. जुना वरचा थर खरवडला, एका पडक्या घराची पांढरी माती आणून टाकली, पन्हाळी बदलल्या. ते काम जाणणारे गवंडी शोधायला मला यंत्रं मिळवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी पारनेर तालुक्यातून दोघं भाऊ आले, दोघंही साठीच्या पुढचे. त्यांच्याबरोबर मी माझी दोन पोरं दिली होती, चोपणी धरायला. यंदा ज्येष्ठाच्या आधी पुन्हा माती चोपायची आहे. भावांना आत्ताच सांगून ठेवलंय, आणि पोरंही तीच जाणार आहेत.