उभ्या यंत्राची भूक

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. गोठ्याचे दार, म्हणजे झोपा, वेळीच न लावल्यामुळे बैलास मुकलेला धनी त्याने पाहिलेला नसला तरी ऐकलेला असतोच. आता पुष्कळ गोठ्यांत बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला आहे. लोखंडाचे हे जनावर दावे तोडून पळत नाही, वैरण मागत नाही, हंबरत नाही. म्हणून काम नसताना त्याच्याकडे पाहण्याचे कारण नाही, अशी समजूत सहजच होते. ती समजूत किती महाग पडते, हे चंदगड तालुक्यात पावसाळा सरता सरता अनेकांच्या अनुभवास येते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या पूर्व उतारावर हा तालुका पसरला आहे. एका अंगास बेळगाव, दुसऱ्या अंगास घाट उतरून कोकण आणि गोवा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरास जोडला गेला. ताम्रपर्णीचे खोरे आणि पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, महिपालगड यांसारखे किल्ले ही त्याची जुनी ओळख. पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस अक्षरशः कोसळतो. तिकडे भात, नाचणी आणि काजू. पूर्वेकडे उसाचे मळे. या दोन्ही पिकांनी ट्रॅक्टरच्या कष्टाचे आणि विसाव्याचे दिवस ठरवून दिले आहेत. भातखाचरांची चिखलणी आटोपून रोपे लागली की पश्चिमेकडील ट्रॅक्टर सुगीपर्यंत गोठ्यात जातो. ऊस ओढणाऱ्याची गत निराळी. गळीत हंगाम संपला आणि पेरणीपूर्वीची मशागत झाली की तो ताडपत्रीखाली उभा राहतो, तो थेट दिवाळीच्या सुमारास बाहेर निघतो.

मग एके दिवशी सकाळी पिकाची निकड येते. धनी ताडपत्री काढतो, किल्ली फिरवतो आणि आतून नुसता 'टक्' असा आवाज येतो. सेल्फ फिरत नाही. डिझेल टाकीत भरलेले आहे, यंत्रात दोष नाही. पण बॅटरी उतरलेली आहे. चार माणसे जमवून, उतार शोधून, ढकलत ढकलत ते धूड चालू करावे लागते. चिखलाच्या वाटेवर तेही साधत नाही. उसाला तोड मिळालेली असेल तर टोळी खोळंबते, आणि तोडलेला ऊस वजनात घटत राहतो. जून महिन्यात भरून ठेवलेली वीज ऑक्टोबरपर्यंत गेली कोठे? ती कोणी वापरली? या साध्या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे लागली, आणि त्या शोधाची हकिकत मोठी बोधप्रद आहे.

१८०० साली इटलीतील व्होल्टा याने धातूंच्या चकत्या एकावर एक रचून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. परंतु त्याचा घट एकदा संपला की संपला. रिकामा झालेला घट पुन्हा भरता यावा, ही किमया १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने साधली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, त्यांची गुंडाळी, आणि ती सौम्य केलेल्या गंधकाम्लात बुडवलेली. इतकेच त्याचे साहित्य. बाहेरून वीज दिली की घट भरे, जोडणी केली की ती परत देई. पुढल्याच वर्षी त्याने असे नऊ घट एकत्र जोडून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. आजच्या ट्रॅक्टरमधील बॅटरी ही त्याच घटाची थेट वंशज होय.

प्लांतेच्या कामातील एक गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कोऱ्या शिशाच्या पत्र्यात वीज फार थोडी मावे. म्हणून तो घट भरी, रिकामा करी, उलट दिशेने भरी, आणि मध्ये त्याला विसावा देई. प्रथम काही तास, मग काही दिवस, पुढे आठवडे. या विसाव्यात वरवर पाहता काहीच घडत नसे. तरी आत शिसे आणि आम्ल यांचे काम मंदपणे चालूच असे. पत्र्याचा पृष्ठभाग पोखरला जाई आणि पुढील खेपेस त्यात अधिक वीज मावे. अर्थात स्वस्थ उभा असलेला घट खरोखर स्वस्थ नसतो, हे जन्मदात्यालाच दिसून आले होते. ज्या क्रियेने त्याचे पत्रे तयार झाले, तीच क्रिया भरलेल्या घटातील वीज हळूहळू खाऊन टाकते.

१८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचा, लेप देऊन महिन्यांचे काम थोडक्यात आणले. त्याच वर्षी फोरचे भरलेले घट एका पेटीत घालून पॅरिसहून स्कॉटलंडातील ग्लासगो येथे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांच्याकडे पाठवण्यात आले. प्रवासास सुमारे तीन दिवस लागले आणि वीज शाबूत पोहोचली. विजेची पेटी देशोदेशी नेता येते, या वार्तेने त्या काळी मोठी खळबळ उडाली. तीन दिवसांची परीक्षा घट उतरला खरा. परंतु तीन महिन्यांची परीक्षा त्याने दिली नव्हती.

उत्तर आले ते १८८२ मध्ये. ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोन इंग्रज रसायनज्ञांनी दाखवून दिले की, वीज देताना घटातील दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्लाचे पाणी होत जाते. घट भरला की ते सल्फेट विरघळून पुन्हा शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि आम्ल बनते. उभ्या घटात हीच क्रिया बाहेर एकही दिवा न लागता आपोआप, संथपणे घडते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि ते सहज परतते. तसेच पडू दिले, तर बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात, खडे वाढतात आणि घट्ट होतात. मग कितीही वीज दिली तरी ते परतत नाहीत. उतरलेली बॅटरी आठवडाभरात भरली तर सावरते. सबंध पावसाळा उतरलेल्या स्थितीत राहिली तर तिचा पत्राच निकामी होतो. चोरीस गेलेले धान्य पुन्हा भरता येते. येथे कणगीच कुजते.

या गळतीला आणखी एक कारण माणसाने स्वतःच जोडले. शिसे मऊ, त्याची जाळी धक्क्यांनी मोडे. म्हणून १८८१ मध्येच सेलन याने शिशात अँटिमनी मिसळून जाळी कणखर केली. जाळी टिकली, पण अँटिमनीचा अंश विरुद्ध पत्र्यावर जाऊन बसू लागला आणि आपोआप रिकामे होण्याचा वेग वाढला. १९३५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हॅरिंग व टॉमस यांनी अँटिमनीऐवजी किंचित कॅल्शियम घालून ही गळती पुष्कळ कमी केली. हे संशोधन टेलिफोनसाठी झाले, हेही साहजिकच होते. टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्या बहुतेक काळ नुसत्या सज्ज उभ्या असतात. बाहेरची वीज खंडित झाली की मात्र त्याच क्षणी त्यांनी धावून यावे लागते. म्हणून तेथे त्यांना अखंड, पण अगदी बारीक प्रवाहाचा घोट पाजत ठेवण्याची रीत पडली.

आपल्याकडील जुन्या पिढीला या शिस्तीची ओळख नभोवाणीने करून दिली. १९२७ मध्ये मुंबईस केंद्र सुरू झाले, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले. परंतु खेडोपाडी वीज नव्हती. गावच्या चावडीतील रेडिओसंच बॅटरीवर चाले, आणि ती बॅटरी ठराविक दिवसांनी वीज असलेल्या गावी नेऊन भरून आणावी लागे. फेरी चुकली की गाव मुके होई. त्यामुळे फेरी चुकवू नये, हे गावाला निराळे शिकवावे लागत नसे.

शेतीच्या यंत्रांना मात्र ही शिस्त उशिरा लागू झाली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगराकडे वळले, आणि १९१० मध्ये कुंडल रोड येथे त्यांनी कारखाना उभारला. तो नांगर वर्षभर कोपऱ्यात पडला तरी फार तर गंजे. तेलाचा हात फिरवला की काम भागे. पुढे आलेले तेलाचे इंजिनही हँडल मारून चालू होई. धन्याचे दंड हीच त्याची बॅटरी. मोटारीचे हँडल उलटून मनगटे मोडत, म्हणून १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याने विजेचा सेल्फ बसवला. भारतात १९५९ साली फरीदाबादेस आयशर ट्रॅक्टर तयार झाला, १९६० नंतरच्या दशकात इतर कारखाने निघाले, आणि सेल्फ ही शेतकऱ्याच्याही सवयीची गोष्ट झाली. डिझेल यंत्रात हवा फार दाबावी लागते. ते फिरवताना सेल्फ काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. अर्धवट उतरलेली बॅटरी दिवा लावील, भोंगाही वाजवील, पण यंत्र फिरवणार नाही. सुखसोय आली खरी. तिच्याबरोबर सारे यंत्र एका पेटीच्या स्वाधीन झाले.

या पेटीची निगा राखणे अवघड नाही. उभी ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी. सेलमधील पाणी पाहून कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी नको आणि आम्ल तर नकोच. टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी पुटे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, ते आत जाऊ न देता, धुवावीत आणि कोरड्या टर्मिनलवर व्हॅसलिन लावावे. बॅटरी सोडताना ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडलेली तार, म्हणजे बहुधा ऋण तार, प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. त्यामुळे पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडण्याचे भय राहत नाही. बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते, ही समजूत लाकडी पेट्यांच्या काळातील आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ती लागू नाही. जागा कोरडी आणि थंड असावी एवढे पुरे, कारण उष्णता दहा अंशांनी वाढली की आपोआप उतरण्याचा वेग अदमासे दुप्पट होतो.

मग महिन्यातून एकदा मोजून पाहावे. विसावलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली उतरली की भरावी. हायड्रोमीटर असेल तर आपल्याकडील उष्ण हवेसाठी बनवलेल्या बॅटरीत आम्लाची घनता भरल्यावर १.२४० च्या आसपास असते. ७५ ते १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाच ते आठ अँपिअरचा सावकाश प्रवाह मानवतो. भरताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून खिडकी उघडी आणि विडीकाडी दूर. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू केले म्हणजे झाले, हा समज मात्र फसवा आहे. चालू करण्यात गेलेली वीज तेवढ्यात परत येईल. महिनाभरात झिरपलेली भरून निघणार नाही. सूर्यप्रकाशावर चालणारी लहान तबकडी उन्हाळ्यात उत्तम काम देते. पण चंदगडच्या पावसात आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते. तेथे बॅटरी काढून घरात ठेवणे आणि वीज असेल तेव्हा भरणे हाच भरवशाचा मार्ग.

शहरातील वाचकास हे सारे दूरच्या शेतावरचे वाटेल, तर त्याने २०२० सालचा उन्हाळा आठवावा. मार्चअखेर टाळेबंदी झाली, मोटारी जागच्या जागी थांबल्या आणि निर्बंध सैल होताच घरोघरी तोच 'टक्' आवाज ऐकू आला. शहराला जे एकदा घडले, ते चंदगडच्या शेतकऱ्यापुढे दरसाल उभे असते. आणि शहरातल्याची फेरी चुकली तरी शेतकऱ्याचा हंगाम चुकतो.

कोल्हापूर भागात बेंदराच्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, गोडधोड चारतात आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षाचे उरलेले दिवस मात्र त्याला वैरण लागतेच, काम असो वा नसो. आज ट्रॅक्टरलाही दसऱ्याला झेंडूची माळ पडते. ती माळ घालताना किल्ली फिरवताच यंत्र धडधडावे असे वाटत असेल, तर श्रावण-भाद्रपदात कोणीतरी ताडपत्री उचलून आत डोकावलेले असले पाहिजे.