उतावळा वसंत आणि माँटिचेलोचे अंजीर

पुरंदरच्या अंजिरांची ख्याती महाराष्ट्राबाहेरही पोचलेली आहे, आणि त्या बागा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना खट्टा बहार व मीठा बहार हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. एकाच झाडाला वर्षातून दोनदा फळ यावे ही अंजिराची मूळ प्रकृतीच आहे. आपल्याकडे हिवाळा सौम्य असतो. त्यामुळे पाणी तोडून, छाटणी करून माळी आपल्या सोयीने बहार धरू शकतो. थंड देशांत हा अधिकार ऋतूकडे असतो. तेथे पहिला बहार येतो तो गतवर्षीच्या जुन्या फांदीवर, तिच्या शेंड्याजवळ. दुसरा येतो त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या फुटीवर. पहिल्या बहाराची बारीक बोंडे हिवाळाभर डोळ्यांशेजारी निजून असतात. फेब्रुवारीत चार दिवस ऊब पडली की झाडात रस चढू लागतो, बोंडे फुगतात, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची थंडी सोसण्याची शक्ती नाहीशी होते. मग मार्चअखेर परतलेले कडक हीव त्यांना एका रात्रीत काळे करून टाकते. झाडाला खरा धोका कडाक्याच्या थंडीपेक्षा अवेळी आलेल्या उबेचा असतो.

हे तत्त्व आज कोणत्याही फळबागशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. परंतु अठराव्या शतकात ते एका गृहस्थाने केवळ डोळे उघडे ठेवून आणि टिपणे करून ओळखले, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि १८०१ ते १८०९ या काळातील त्या देशाचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन. राजकारणाने त्यांना कीर्ती दिली. पण त्यांचे मन रमत असे ते व्हर्जिनियातील माँटिचेलो या टेकडीवरील आपल्या घराभोवतीच्या बागेत. ३० मार्च १७६६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी एका वहीत जांभळा हायसिंथ उमलू लागल्याची नोंद केली. ती बागेची वही मध्ये खंड पडत का होईना, १८२४ पर्यंत चालू राहिली. हवामानाचा छंद तर याहून अधिक. १७७६ च्या जुलैची ४ तारीख, म्हणजे जाहीरनामा स्वीकारला गेला तो दिवस, आणि त्या दिवशीही फिलाडेल्फियातील उष्णता त्यांनी चार वेळा मोजून ठेवली आहे! दुपारी एक वाजता पारा फॅरनहाइटच्या ७६ अंशांवर होता.

या बागेच्या वहीतील सर्वांत करुण नोंद १७७४ सालच्या मे महिन्याची आहे. ४ तारखेला समोरची ब्लू रिज पर्वतरांग बर्फाने झाकली गेली. ५ तारखेला असे हीव पडले की गहू, राय, मका जळाले, तंबाखूची रोपे गेली, रानातील मोठमोठ्या झाडांची पालवीदेखील करपली आणि द्राक्षवेलींची सारी कोवळी फूट मेली. माँटिचेलोवरील सर्व जातींची जवळजवळ अर्धी फळे नष्ट झाली. पण आसपासच्या सखल भागात एकही फळ वाचले नाही. दुसऱ्या कोणी आपली अर्धी बाग गेल्याचे दुःख केले असते. जेफर्सनांनी तेही केले असेल, परंतु त्यांच्या मनात प्रश्न उरला तो वेगळाच. टेकडीचा माथा खालच्या सपाटीपेक्षा थंड असावयास हवा. मग माथ्यावर फळे वाचतात आणि पायथ्याशी मरतात, हे कसे?

‘व्हर्जिनियाविषयी टिपणे’ हा त्यांचा ग्रंथ १७८५ साली पॅरिसमध्ये खाजगीरीत्या छापला गेला. त्यातील हवामानाच्या प्रकरणात या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला आहे. पाणी ३२ अंशांवर गोठते. पण ४७ अंश दिसत असतानाही सकाळी दव गोठून पांढरे झालेले त्यांनी पाहिले होते. तेव्हा केवळ पाऱ्याच्या आकड्यावरून हिवाचा निर्णय होत नाही, आणखी काही कारणे त्यात मिसळलेली असली पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. टेकडीवर वस्ती झाल्यापासूनच्या चाळीस वर्षांत तेथे फळांचा सरसकट नाश फक्त दोनदा झाला, तर खालच्या मुलखात गेल्या सात वर्षांत फळे वाचली तीच फक्त दोनदा, असा हिशेबही त्यांनी दिला आहे. आज आपल्याला ती कारणे ठाऊक आहेत. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, आणि तिचा पृष्ठभाग वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होतो. जमिनीलगतची ही गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उतारावरून वाहत खोऱ्यात साचते. माथ्यावरील झाडे त्या थंड तळ्याच्या वर राहतात.

याच प्रकरणात वसंताविषयीचे त्यांचे मुख्य विवेचन आहे. वडीलधारी माणसे सांगत की पूर्वी वर्षाकाठी तीन तीन महिने जमीन बर्फाखाली असे. आता ते राहिले नाही. हिवाळा मवाळ झाला, पण त्यामुळे वसंतात ऊब आणि गारठा यांचा असा लपंडाव सुरू झाला की तो फळांना घातक ठरला. १७४१ ते १७६९ या अठ्ठावीस वर्षांत माँटिचेलोच्या परिसरात हिवाने फळ मेल्याचे एकही उदाहरण नव्हते. त्यांची उपपत्ती अशी की सततच्या बर्फामुळे कळ्या जणू कुलपात बंद राहत; सूर्याचा अंमल पक्का बसेपर्यंत त्यांना बाहेर पडण्याची सोयच नसे. कुलूप गेले आणि कळ्या उतावळ्या झाल्या.

श्रोत्यांना येथे वाटेल की ही तर आजच्या हवामानबदलाच्या चर्चेसारखीच भाषा झाली. साम्य आहे, पण सावधपणाही हवा. १७९९ साली शब्दकोशकार नोआ वेब्स्टर यांनी एका निबंधात जेफर्सनांचा चांगलाच समाचार घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर हवामानाचा इतिहास कसा उभारता येईल, असा त्यांचा आक्षेप होता. हिवाळे एकंदरीत उबदार झालेले नाहीत. जंगले तोडली गेल्यामुळे हवा अधिक चंचल झाली इतकेच, असे त्यांचे म्हणणे. पुराव्याच्या प्रश्नावर मला वेब्स्टर यांची बाजू अधिक सरस वाटते. आपल्या लहानपणीचा पाऊस प्रत्येकालाच मोठा आठवतो. मात्र फळ का मरते या प्रश्नाला जेफर्सनांनी दिलेले उत्तर या टीकेने बाधित होत नाही. आणि आठवणींची अपुरी बाजू पुढे त्यांनाही जाणवली असावी. १८२४ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, लुइस बेक यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सुचविले की देशाच्या हवामानाची पद्धतशीर पाहणी व्हावी आणि शतकातून एकदोन वेळा ती पुन्हा केली जावी, म्हणजे जंगलतोड व लागवड यांचा परिणाम उघड होईल.

आता अंजिराकडे वळू. ‘टिपणां’त सफरचंद, नासपती, पीच, बदाम ही फळे फळबागांच्या यादीत आहेत, अंजीर व डाळिंब मात्र भाजीपाल्याबरोबर घरच्या बागेच्या यादीत. हा भेद अर्थपूर्ण आहे. व्हर्जिनियात अंजीर हे घराच्या आडोशाने, भिंतीच्या उबेने वाढवावयाचे झाड. १७८७ साली फ्रान्समधील वकील म्हणून जेफर्सन दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटलीच्या प्रवासाला गेले. युरोपातील सर्वांत नाजूक चवीचे अंजीर मार्सेयच्या आसपास होते, अशी नोंद त्यांनी तेथे केली. पुढे नीसहून तूरिनकडे आल्प्स ओलांडताना कोणते झाड किती उंचीवर नाहीसे होते हे पाहत पाहत त्यांनी झाडांची थंडी सोसण्याच्या शक्तीप्रमाणे प्रतवारी लावली. सर्वांत कोमल केपर, मग संत्रे, खजूर, कोरफड, ऑलिव्ह, डाळिंब, अक्रोड, त्यानंतर अंजीर, आणि सर्वांत काटक बदाम. इतके लिहून ते थांबले असते तर ती एक प्रवाशाची यादी ठरली असती. पण पुढे त्यांनी जोडले आहे की हा क्रम झाडाचा झाला, फळाचा क्रम निराळा. केपर सर्वांत नाजूक, पण झाकून ठेवणे सोपे, म्हणून त्याचे पीक बहुधा खात्रीचे. बदाम सर्वांत काटक, पण तो घाईने फुलतो, म्हणून त्याचे फळ सर्वांहून अधिक वेळा बुडते. माझ्या मते जेफर्सनांच्या सर्व कृषिविषयक लेखनात याहून नेमके निरीक्षण नाही.

१७८९ साली ते मायदेशी परतले तेव्हा फ्रान्समधील अंजीर त्यांच्याबरोबर आले. वीस वर्षांनी, विल्यम थॉर्नटन या मित्राला, म्हणजे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा पहिला आराखडा करणाऱ्या गृहस्थांना, त्यांनी कळविले की आपण पाहिलेल्या कोणत्याही अंजिराहून हा कितीतरी श्रेष्ठ आहे. या झाडांसाठी जागाही तशीच निवडली होती. टेकडीच्या आग्नेय उतारावर १,००० फूट लांबीचा सपाट मजगा कोरून भाजीची बाग केलेली होती. तिला तोलून धरणारी दगडी भिंत काही ठिकाणी सुमारे १२ फूट उंच होती, आणि त्या भिंतीच्या पायथ्याच्या वाफ्यांत अंजीर लावलेले होते. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडी. उत्तरेचा वारा भिंतीमागेच अडे. गार हवा खाली वाहून जाई. उतावळ्या वसंतावर याहून मोठा उपाय त्या काळी नव्हता.

पण तो मजगा कोरला कोणी? जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. टेकडी खोदण्याचे, माती वाहण्याचे, धोंडे रचण्याचे काम गुलामांनीच केले. काही तर या कामासाठी दुसऱ्या मालकाकडून भाड्याने आणलेले होते. जेफर्सनांना हा प्रश्न दिसत नव्हता असेही नाही. ३० जुलै १७८७ च्या पत्रात त्यांनी साउथ कॅरोलिनातील विल्यम ड्रेटन यांना लिहिले की अंजीर आणि तुती यांचे काम बायकामुलांना झेपणारे आहे, म्हणून गुलाम असलेल्या प्रदेशांत त्यांची लागवड व्हावी. तेवढीच त्या दुबळ्या जिवांची कष्टांतून सुटका होईल. कष्ट हलके करण्याचा मार्ग त्यांना झाडांत दिसला, पण कायद्याने ज्यांना ते स्वतः मुक्त करू शकत होते त्यांतील फार थोड्यांना त्यांनी मुक्त केले. बागेचे काम पाहणारा वर्मली ह्यूज हा त्या गुलामांपैकीच. परदेशांहून आलेली रोपे व बिया लावणे, वाफे राखणे हे त्याचे काम. ४ जुलै १८२६ रोजी जेफर्सन वारले तेव्हा त्यांची कबरही त्यानेच खणली. कुटुंबीयांनी त्याला मोकळे केले खरे. परंतु इस्टेटीवर कर्ज होते, आणि १८२७ च्या जानेवारीत झालेल्या लिलावात त्याची पत्नी अर्सुला आणि मुले विकली गेली.

घर परक्याच्या हाती गेले, बाग मोडली, भिंत ढासळून मातीखाली गेली. १९७९ पासून तेथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा भिंतीचा पाया आणि मजग्याची हद्द पुन्हा उजेडात आली; बागेच्या वहीवरून वाफे परत आखले गेले, आणि भिंतीखाली पुन्हा अंजीर लागले. वसंताचा लपंडाव मात्र चालूच आहे. २००७ सालचा मार्च अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत असाधारण उबदार गेला, झाडे वेळेआधी पालवली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेची थंडी खाली उतरली. गहू आणि फळबागा मिळून नुकसान दोन अब्ज डॉलरांच्या घरात गेले. जेफर्सनांच्या काळी जी गोष्ट वृद्धांच्या आठवणीवर सांगावी लागे, ती आता दीर्घकाळच्या मोजमापांत दिसते: थंडी मागे हटण्याआधी ऊब पुढे येते, आणि कळ्या दोघींच्या मध्ये सापडतात.

व्हर्जिनियातील घरगुती बागाईतदार अशा वर्षी अंजिराला घाईने कोयता लावत नाहीत. काळे पडलेले शेंडे मेलेलेच आहेत असे दिसत असले तरी ते मे महिन्यापर्यंत थांबतात. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसते का ते पाहतात, आणि जेथे हिरवे लागेल तेथपर्यंतच छाटतात. पहिला बहार गेलेला असतो. खोडही मेले असले तर ते मुळाशी कापतात. जमिनीतून नवे धुमारे येतात, आणि शरद लांबला तर त्याच धुमाऱ्यांवर सप्टेंबरात दुसऱ्या बहाराची फळे पिकतात.