अक्षराची मालकी

संगणकाच्या कंपन्यांविषयी आपल्याकडे जी मते मांडली जातात, ती बहुधा यंत्राच्या रंगरूपाविषयी, किमतीविषयी किंवा टिकाऊपणाविषयी असतात. मायक्रोसॉफ्ट बरी की ॲपल बरी, ह्या वादात इंग्रजीत काम करणार्‍याला रस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे अक्षर दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून सुरक्षित होते. मराठीत लिहिणार्‍याची गोष्ट निराळी. त्याने ह्या कंपन्यांची पारख एकाच प्रश्नावर करावी, असे आम्हांला वाटते : आपण लिहिलेले अक्षर ह्या कंपनीच्या पश्चात वाचता येईल काय? हा प्रश्न मनात धरून गेल्या चार दशकांकडे पाहिले, तर श्रेय आणि दोष ह्यांची वाटणी नेहमीपेक्षा वेगळी करावी लागते.

छापखान्याच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. जावजी दादाजी ह्यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांच्या सुबकपणाचा एक मानदंड निर्माण केला. परंतु एकदा शाई कागदावर उतरली, की वाचकाचा त्या खिळ्यांशी संबंध संपे. निर्णयसागरचा एखादा जुना ग्रंथ आज उघडताना तो छापखाना हयात आहे की नाही, ह्याची चौकशी करावी लागत नाही. पुढे टंकलेखनयंत्रे आली. रेमिंग्टनचा कळफलक कचेर्‍यांत इतका मुरला, की यंत्रे अडगळीत गेली तरी ती मांडणी संगणकावर येऊन बसली. तरीही कंपनीची सत्ता टंकलेखकाच्या बोटांपुरतीच होती. कागदावर उमटलेले अक्षर मोकळे होते.

संगणकाने हे चित्र पालटले. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानायचे, हा केवळ संकेताचा भाग आहे, आणि तो संकेत लिहिणार्‍याकडे व वाचणार्‍याकडे एकच असावा लागतो. म्हणून संकेत ज्याच्या मालकीचा, त्याच्या हाती मजकुराची किल्ली.

हे आपल्या तंत्रज्ञांना कळले नव्हते, असे मुळीच नाही. आयआयटी कानपूर येथे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित होऊ लागले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि ते काम तिकडे आले. इन्स्क्रिप्ट हा ध्वनिक्रमावर आधारलेला कळफलक १९८६ साली प्रमाणित झाला, तर ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली. इस्कीची कल्पना शहाणपणाची होती. अक्षर कसे दिसते ह्यापेक्षा ते कसे उच्चारले जाते, ह्याला तीत महत्त्व होते. ‘कि’ लिहिताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. साठवताना मात्र आधी क आणि मग वेलांटी. ह्या क्रमामुळे शब्द शोधणे आणि अकारविल्हे लावणे शक्य होते. त्याच वर्षी, म्हणजे १९९१ सालीच, युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या मसुद्यावर बेतलेली होती. सारांश, १९९१ साली आपल्याजवळ मानक होते. तरीही पुढची दहा-पंधरा वर्षे महाराष्ट्राने मराठी मजकूर मानकाबाहेर साठवला. असे का घडले?

कारण संगणकावर मराठी आणणारा मोठा गिर्‍हाईक छापखाना होता. त्याला हवा होता कागद. पेजमेकरमध्ये पान लावायचे, प्रत काढायची, छपाईला पाठवायची. मजकूर दहा वर्षांनी कोणी शोधील, ही कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती. श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणाल्यांनी ह्या गिर्‍हाइकाची गरज उत्तम भागवली. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले : इथे अर्धा क, तिथे काना, पलीकडे रफार. दोनशेच्या आसपास जागांत जोडाक्षरांचा संसार मांडणे ही कारागिरी सोपी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या मनाने मांडले. एकीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसरीच्या फाँटात उघडला, की अक्षरांचा चिवडा. भरीस भर म्हणून अनेक प्रणाल्यांसोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक कुलूप येई; ते नसेल तर प्रणाली चालत नसे. छापखान्यात अक्षर विकत मिळत होते. आता ते भाड्याने मिळू लागले.

ह्या व्यवस्थेची किंमत हळूहळू कळली. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या जुन्या तबकड्या काही वर्षांपूर्वी उघडल्या, तेव्हा फाइली शाबूत होत्या आणि मजकूर नव्हता. पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ होती. त्या फाँटाचे नाव कोणाला आठवत नव्हते. छापील अंक कपाटात होता म्हणून लेख वाचले. महाराष्ट्रातल्या किती प्रकाशकांकडे, किती विद्यापीठीय विभागांकडे असे साठे पडून असतील, ह्याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

महाजालाने ही अडचण चव्हाट्यावर आणली. मराठी वृत्तपत्रे पडद्यावर आली ती आपापले फाँट घेऊन. वाचकाने आधी फाँट उतरवून घ्यावा आणि मग बातमी वाचावी, असा तो काळ. मायक्रोसॉफ्टने फाँट पानासोबतच पाठवण्याची युक्ती काढली. पण ती चाले फक्त त्यांच्याच इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. म्हणजे मराठी बातमी वाचण्यासाठी एका अमेरिकन कंपनीचाच न्याहाळक हवा. शोधयंत्राला तर ह्या पानांवर मराठी दिसतच नव्हते. त्याच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची अडगळ होती. हजारो पाने लिहून मराठी महाजालावर जवळजवळ अदृश्य राहिली.

आता श्रेयाकडे वळू. विंडोज २००० ही देवनागरी युनिकोड हाताळणारी मायक्रोसॉफ्टची पहिली प्रणाली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट मराठी वाचकांना कवी म्हणूनही परिचित असलेले सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनी घडवला होता. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि घरोघरी पोचली. मात्र तीतही भारतीय लिप्यांची सोय आपणहून चालू नसे. एक चौकोन टिचकवून, मूळ तबकडी घालून ती जागी करावी लागे. सोय होती, पण दाराआड. तरीही ह्या दशकातच मराठी मजकूर पहिल्यांदा कोणत्याही फाँटावाचून प्रवास करू लागला, हे ऐतिहासिक सत्य आहे आणि मायक्रोसॉफ्टवर कितीही राग असला तरी ते नाकारता येत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की तिने आणलेली वस्तू तिच्या मालकीची नव्हती. एका सामाईक मानकाची तिने अंमलबजावणी केली. तिचे मराठीवरचे उपकार टिकाऊ ठरले, ते नेमके ह्याच कारणामुळे.

मानकही सर्वज्ञ नसते. मराठीच्या खास गरजा त्यात उशिरा आणि आडवळणाने आल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचार्‍यांना स्वयंपाक सांगायचा, हा भेद मराठीत एका अर्ध्या र-वर उभा आहे. दर्या आणि दर्‍या ह्यांत समुद्र आणि डोंगर ह्यांचे अंतर आहे. हा र लिहिण्याच्या दोन निरनिराळ्या रीती युनिकोडने मान्य केल्या, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन शब्द वाटतो. ‘ॲ’ ह्या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालच्या ५.१ ह्या आवृत्तीत. तोवर अ-वर चंद्र चढवून भागवले जाई. ल आणि श ह्यांची वळणे अनेक फाँटांत हिंदीची असत. महाराष्ट्र शासनाने २०२२ सालच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ह्यांचा आग्रह धरला, त्यामागे हीच खंत आहे. मात्र मानकातली चूक सार्वजनिक असते. तिच्याविषयी भांडता येते, ती सुधारता येते. खाजगी फाँटातली चूक कंपनीबरोबर पुरली जाते.

लिहिण्याच्या साधनांनी पुढचे काम केले. मूळ कन्नडसाठी निघालेले ‘बरहा’ मराठी लोकांनीही आपलेसे केले. ‘गमभन’ने न्याहाळकातच देवनागरी उमटवण्याची सोय दिली. पायरा लॅब्जने १९९९ साली ब्लॉगर सुरू केले, २००३ साली ते गूगलने घेतले, आणि २००७ साली त्यात रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्याची सोय प्रथम हिंदीसाठी आली. संपादक, छापखाना, वितरक ह्यांच्यापैकी कोणाचीही वाट न पाहता मराठी माणूस लिहू लागला. त्या लेखनातले बरेचसे सुमार होते, हे खरे. पण सुमार लेखन छापखान्यातूनही निघत होते.

गंमत अशी, की ह्याच काळात छपाई मागे राहिली. पेजमेकरला युनिकोड कळत नसे, आणि ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची धड सोय २०१२ सालच्या सीएस ६ ह्या आवृत्तीत आली. तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, लेखक युनिकोडमध्ये लिही आणि मुद्रक ते जुन्या फाँटात उलटवून घेई. ह्या उलटापालटीत मोडलेली जोडाक्षरे आणि हरवलेले रफार अनेक पुस्तकांत आजही पाहायला मिळतात. मुद्रितशोधनाचा दोष म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांतल्या काहींचे मूळ एका परदेशी कंपनीच्या विलंबात आहे.

मग प्रश्न सुटला काय? अर्धाच सुटला. अक्षर मोकळे झाले. ते ठेवण्याची फडताळे मात्र परक्यांचीच राहिली. २००४ साली मूव्हेबल टाइप ह्या लेखनप्रणालीच्या मालकांनी परवान्याच्या अटी आणि दर बदलले, तेव्हा अनेक इंग्रजी लेखक रातोरात वर्डप्रेसकडे गेले. त्यांना जाता आले, कारण आपला मजकूर त्यांना उचलून नेता येत होता आणि वर्डप्रेसचा परवाना मुक्त होता. याहूने जिओसिटीज २००९ साली बंद केले, ऑर्कुट २०१४ साली मिटले. तिथे ज्यांनी मजकूर वेळेवर उचलला नाही, त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. आज मराठीतले पुष्कळसे ताजे लेखन फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर होते. त्यातले दोन वर्षांपूर्वीचे एखादे टिपण शोधून पाहावे. युनिकोड असूनही ते सापडेलच, असे सांगता येत नाही.

म्हणून कंपन्यांविषयीचे आमचे मत थोडक्यात असे : त्यांच्याशी वैर नको, आणि त्यांच्यावर भरवसाही नको. जी कंपनी सामाईक मानक पाळते आणि मजकूर परत नेऊ देते, ती भली. मग तिचे यंत्र कुरूप असो. जी अक्षर किंवा मजकूर आपल्या कुलपात ठेवते, ती कितीही देखणी असली तरी मराठीच्या कामाची नाही. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ यांसारखे फाँट आज मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. आता सबब उरलेली नाही. मराठीच्या विभागांनी, ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनी जुन्या फाँटांतला आपला साठा युनिकोडमध्ये आणण्याचे काम हाती घ्यावे, आणि त्या फाँटांची ओळख असलेले अक्षरजुळणीकार आपल्यात आहेत तोवरच घ्यावे. कागदाला वाळवी लागते ती दिसते तरी. तबकडीतली वाळवी दिसत नाही.