डॉ. जॉन आउटलंड : शस्त्रवैद्य व फुटबॉलशिक्षक

पारितोषिकास नांव दिलें कीं मूळ पुरुषाचें चरित्र त्या नांवाआड लोपतें. अमेरिकेंतील डॉ. जॉन आउटलंड यांचें असेंच झालें आहे. यांचा जन्म १८७१ सालीं कान्सास राज्यांत झाला. अमेरिकी फुटबॉलांत चेंडू हातीं घेऊन धांवणाऱ्याचा जयजयकार होतो. प्रतिपक्षास रेटून त्यास वाट करून देणारे आघाडीचे गडी अनाम राहतात. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाकडून खेळतांना आउटलंड यांची निवड अखिल अमेरिकी संघांत १८९७ सालीं आघाडीचे गडी म्हणून व १८९८ सालीं पिछाडीचे म्हणून झाली. दोन्ही जागीं असा मान क्वचितच कोणास लाभला असेल. पुढें त्यांनीं शस्त्रवैद्यकाचा व्यवसाय पत्करला. फ्रँकलिन व मार्शल (१९००), कान्सास (१९०१) व वॉशबर्न (१९०४-०५) येथील संघांस शिक्षणही दिलें. १९२३ सालीं सुरू झालेल्या कान्सास रिले शर्यतींचे तेच प्रवर्तक. आघाडीच्या गड्यांची उपेक्षा त्यांस सलत असे. म्हणून १९४६ सालीं त्यांच्या देणगींतून त्या गड्यांसाठींच 'आउटलंड' पारितोषिक निघालें व पहिलें जॉर्ज कॉनर यांस मिळालें. १९४७ सालीं आउटलंड निवर्तले. पारितोषिकावरून त्यांस केवळ आघाडीचे गडी समजणें बरोबर नाहीं. जयजयकार व उपेक्षा या दोन्ही बाजू त्यांनीं स्वतः पाहिल्या होत्या. त्या देणगीचें मर्म यांतच असावें.